लिंबाची फोड

मे महिन्यात भाच्याच्या हळदीला घातलेला पांढरा कुर्ता लॉन्ड्रीतून परत मिळाला, तेव्हा त्याच्या छातीवर आणि डाव्या बाहीवर लाल डाग होते. पिवळे असते तर मी काही बोललो नसतो. हळदीला पांढरं घालून जाणाऱ्या माणसाने तेवढी तयारी ठेवायचीच असते. पण हे चक्क लाल होते, विटकरीकडे झुकणारे, तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन कुणी जवळून थुंकावं तसे. नागपुरातल्या मानेवाडा रोडवरचं ते दुकान म्हणजे एक लांब टेबल, त्यावर जुन्या चादरीची घडी, कोळशाची इस्त्री आणि मागे पडद्याआड धुण्याची मोरी. सकाळचे साडेनऊ झाले होते आणि ऊन तोवर रस्ता ओलांडून दुकानात शिरलं होतं. दुकानदार बाजूच्या ठेल्यावरचे तर्री-पोहे खात उभा होता. मी कुर्ता त्याच्यासमोर पसरला आणि सुरुवात केली. कुठल्या नव्या साडीसोबत भिजवला, रंग लागला ते दिसलं नाही का, आणि वर पैसे कशाचे मागता. तो चमचा हातात धरून ऐकत राहिला. त्याच्या गप्प राहण्याने मला आणखी जोर चढला, आणि आपण कुणाला असं बोलू असं कधी वाटलं नव्हतं ते वाक्य तोंडातून निघून गेलं. "चार बुकं शिकले असते ना तुम्ही, तर कोणता कपडा कशात टाकायचा ते समजलं असतं."

"काहून तापून राहिले साहेब?" तो म्हणाला. "रंग नाही लागला जी तो. हळद हाय."

"हळद पिवळी असते," मी म्हणालो.

यावर त्याने काही उत्तर दिलं नाही. प्लेटमधली लिंबाची फोड उचलली, बाहीवरच्या डागावर धरली आणि पिळली. थेंब जिथे पडला तिथून लाल मागे हटत गेला, आणि त्याच्या जागी हळदीच्या दिवशीचा तोच पिवळा वर आला. कडेला एक लाल गोल तेवढा उरला, बशीखाली चहा सांडून राहतो तसा. लिंबाची एक बी टेबलावर पडली होती, ती त्याने बोटाने उडवली. मग ठेल्याकडे वळून "एक निंबू दे बे इकडं" म्हणाला आणि पुन्हा पोहे खायला लागला. मध्येच घास गिळून म्हणाला, "दोन दिवस धुपात टाका. निघून जाईन." मी कुर्ता गुंडाळून पिशवीत कोंबला. गाडीची सीट तव्यासारखी तापली होती. तुकडोजी पुतळ्याच्या चौकात सिग्नलला थांबलो, तेव्हा लक्षात आलं की धुलाईचे चाळीस रुपये द्यायचे राहिले. मागे वळता आलं असतं. वळलो नाही.

आता यात एवढं मनाला लावून घेण्यासारखं काय, असं कुणी म्हणेल. पण दहावीला मी विज्ञानात शाळेत पहिला होतो. 'पुढीलपैकी नैसर्गिक दर्शक कोणता' या प्रश्नाला 'हळद' असं उत्तर मी किती वेळा लिहिलं असेल त्याची गणती नाही. रिकाम्या जागा भरा, जोड्या लावा, शास्त्रीय कारणे द्या, सगळ्या रूपांत लिहिलं. आम्लात हळदीचा रंग बदलत नाही, अल्कात, म्हणजे साबण-सोड्यासारख्यांत, ती लाल होते. शेजारच्या मुलाची शिकवणी घेताना दोन वर्षांपूर्वी हेच वाक्य मी त्याच्याकडून पाठ करून घेतलं होतं. आणि तेच माझ्यासमोर टेबलावर पसरलेलं असताना, भर उजेडात, मी म्हणालो की हळद पिवळी असते.

आमची शाळा नागपूरच्या महाल भागात होती. प्रयोगशाळा मागच्या इमारतीत, तिच्या जाड भिंती चुन्याने रंगवलेल्या, उन्हाळ्यातही आत गार. टेबलांच्या काळ्या लाकडावर पिढ्यानपिढ्यांच्या मुलांनी सांडलेल्या आम्लाचे पांढुरके डाग आणि कंपासने कोरलेली नावं. वास मात्र कायमचा एकच, किपच्या उपकरणातून निसटणाऱ्या वायूचा, सडक्या अंड्यासारखा. तास संपवून आम्ही वर्गात गेलो की पुढच्या बाकावरच्या मुली नाकाला रुमाल लावायच्या. लिटमसचे कागद म्हणजे सोनं होतं. प्रयोगशाळेतले काका ती चिमुकली वही कुलपातून काढायचे, एकेक पट्टी फाडायचे, तिचे दोन तुकडे करायचे आणि दोघांत एक तुकडा द्यायचे. त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं पिवळी होती. आम्हाला वाटायचं विडीने झाली असतील, एकजण तर म्हणायचा की काका घरी स्वयंपाक करतात, हळद लागलेली आहे. नायट्रिक आम्लाने कातडी पिवळी पडते आणि तो डाग धुऊन जात नाही, कातडीसोबतच निघतो, हे अकरावीत कळलं.

तो अर्धा तुकडा लिंबाच्या रसात बुडवला की निळ्याचा तांबडा व्हायचा. जादू पाहिल्यासारखं वाटायचं आणि पुढच्या क्षणी तक्ता भरायला बसायचं. पदार्थ, निळा लिटमस, तांबडा लिटमस, निष्कर्ष. तो तक्ता आमच्या डोक्यात असा बसला की आम्ल-अल्क म्हणजे दोन रकाने, दोन रंग, संपलं. हा कागद कशाने रंगवलेला असतो हे आम्ही विचारलं नाही आणि सांगितलंही नाही कुणी. फार पुढे वाचलं की लिटमस हा खडकांवर-झाडांवर वाढणाऱ्या धोंडफुलांपासून, म्हणजे लायकेनपासून काढतात. आणि आपल्या मसाल्यात पडतं ते दगडफूल हेही लायकेनच, त्याच गोतावळ्यातलं. सावजी रश्श्याच्या वासात जो एक मातकट, पावसाळी भिंतीसारखा सूर असतो ना, तो बराचसा त्याचा. म्हणजे ज्या घरांतून आम्ही मुलं शाळेत यायचो, त्या प्रत्येक घराच्या मसाल्याच्या डब्यात लिटमसचा एक चुलतभाऊ पडून होता, आणि आम्ही अर्ध्या पट्टीसाठी भांडत होतो.

अल्काची ओळख मात्र मला तोंडाने झाली. त्या काळी पिपेट, म्हणजे द्रावण मोजून उचलायची काचेची नळी, तोंडाने ओढायचे. आता ऐकून मुलं किंचाळतात, पण आम्ही सगळे ओढायचो आणि कधीतरी घोट आत यायचाच. सोडियम हायड्रॉक्साइडचं ते द्रावण अगदी विरळ असायचं म्हणून वाचलो. जिभेवर आधी काहीच नाही, मग एक गुळगुळीत, साबणासारखी चव, आणि गालाच्या आतली कातडी बुळबुळीत लागायला लागायची. मी थुंकायला खिडकीकडे धावलो, तेव्हा सर मागून म्हणाले, "बोटावर घेऊन चोळून पाहा. बुळबुळीत लागतं ना? तुझ्याच कातडीच्या तेलाचा साबण होऊन राहिला आहे." हे एकच वाक्य सरांनी पुस्तकाबाहेरचं सांगितलं असेल, आणि तेवढंच मला त्यांच्या आवाजासकट आठवतं. फिनॉल्फ्थॅलिन या दर्शकाचा तो गुलाबीही आठवतो. ब्यूरेटमधून थेंब थेंब सोडत जायचं, फ्लास्क गोल फिरवत राहायचं, गुलाबी उमटायचा आणि विरायचा, उमटायचा आणि विरायचा, आणि एका थेंबाला तो विरायचा थांबायचा. तो थेंब चुकला की सगळं ओतून पहिल्यापासून.

शब्दांची भानगड वेगळीच होती.

पुस्तकात आम्ल होतं आणि त्याच्या विरुद्ध आम्लारी. आम्लाचा अरी, म्हणजे शत्रू. ज्याने कुणी हा शब्द घडवला त्याचं मला कौतुकच वाटतं, पण त्या एका शब्दाने दोघांचं वैर पक्कं करून टाकलं. वर्गात उदासिनीकरण शिकवताना मुलं दोन्ही हातांच्या मुठी एकमेकींवर आपटून दाखवायची. आणि या वैऱ्यांच्या भेटीतून जे तयार होतं त्याला पुस्तक म्हणायचं क्षार. मीठ हे त्याचं उदाहरण. इथे माझा गोंधळ उडाला, कारण आमच्या घरात क्षार म्हणजे खार, आणि खार म्हणजे पापडखार. उन्हाळ्यात गच्चीवर बायका पापड लाटायला बसत, आई उडदाच्या पिठात पापडखाराचं पाणी घालून ते कुटायला घेई, आणि मी तेलात बुडवलेली कच्ची लाटी पळवून खाई. जिभेच्या कडेला चरचरणारी ती चव मिठाची नव्हे हे सहा वर्षांच्या पोरालाही कळत होतं. आठवीच्या चाचणीत 'घरात वापरल्या जाणाऱ्या एका क्षाराचे नाव लिहा' असं आलं, मी 'पापडखार' लिहिलं आणि बाईंनी त्यावर लाल रेघ मारली. मीठ हवं होतं. गंमत अशी की आज पाहिलं तर ते उत्तर पुस्तकाच्या हिशेबानेही बरोबर होतं. पापडखारातला सोडा हा कार्बनिक आम्लाचा क्षारच आहे, फक्त ते आम्ल इतकं दुबळं की क्षाराच्या अंगी अल्काचाच गुण उरतो. पण हे ना मला माहीत होतं ना बहुधा बाईंना. मी घरची जीभ वापरून उत्तर लिहिलं होतं, आणि त्यानंतर पुन्हा कधी लिहिलं नाही.

अल्कली हा शब्द अरबीतून आला, आणि मुळात तो राखेचा शब्द आहे. खाऱ्या जमिनीत उगवणाऱ्या झुडपांची राख. हे वाचलं तेव्हा मला आमच्या महालातल्या घराची मोरी दिसली. आजी भांडी राखेने घासायची. नारळाची शेंडी, चुलीतली चाळलेली राख, पाण्याचा एक हबका. तेलकट कढईवर राख फिरली की हाताखाली फेसासारखं काहीतरी यायचं आणि तेल सुटायचं. सरांचं ते 'साबण होऊन राहिला आहे' तिथे रोज दोन वेळा घडत होतं. माझा एक मित्र आयुर्वेदाचा डॉक्टर आहे, त्याने एकदा सुश्रुतसंहितेतला क्षारावरचा अख्खा अध्याय मला वाचून दाखवला. झाडं जाळायची, राख पाण्यात कालवायची, गाळायची, आटवायची. मृदू, मध्यम, तीक्ष्ण असे त्याचे प्रकार. नको असलेलं मांस जाळण्यासाठी तो वापरायचा, आणि जळजळ झाली तर वर काहीतरी आंबट लावायचं. का, तर आम्लाशी गाठ पडली की क्षार आपला तीक्ष्णपणा सोडतो आणि मधुर होतो. (आजचे डॉक्टर भाजलेल्या जागी आधी भरपूर पाणी ओतायला सांगतात, आंबट नव्हे, तेव्हा घरी प्रयोग करू नयेत.) मधुर होतो. आमच्या वर्गातल्या त्या आपटणाऱ्या मुठी मला तेव्हा आठवल्या.

चुन्याचं तर विचारूच नका. नागपुरात माणूस चुन्यात जन्मतो म्हटलं तरी चालेल. दिवाळीआधी कळीचा चुना आणायचा, पिंपात पाणी घालून विरवायचा. दगडासारखे ते खडे पाण्यात पडले की फुत्कारायचे, पिंप तापायचं, वाफ यायची, आणि आम्हा पोरांना दहा हात लांब उभं राहावं लागायचं. रंगाऱ्याच्या हाताला भेगा पडलेल्या असायच्या. मग तोच चुना चिमटीत येऊन पानाला लागायचा, आणि त्याच चुन्यावर चौकाचौकांत पन्नीत खर्रा घोटला जातो. तंबाखूतलं निकोटिन चुन्याच्या अल्काने मोकळं होतं आणि गालाच्या कातडीतून भराभर आत शिरतं, म्हणून तर चुन्याशिवाय 'लागत' नाही. माझ्या एका सहकाऱ्याचं तोंड आता दोन बोटांपेक्षा जास्त उघडत नाही. ते काम सुपारीचं. तो डबा उघडून वरण-भात कालवून चमच्याने आत सरकवतो आणि आम्ही सगळे आपापल्या डब्यात बघत बसतो.

पण चुन्याची माझी खरी आठवण पायाची आहे. चौथीत असताना चिटणीस पार्कवर खेळताना पाय मुरगळला. आजीने पळीत हळद घेतली, चुना घेतला, थोडं पाणी घालून चुलीवर धरलं आणि तो गरम लेप घोट्यावर थापला. पिवळी हळद आणि पांढरा चुना मिळून लालभडक झाले. मी भोकाड पसरलं. मला वाटलं रक्त आलं. आजी हसून म्हणाली, "रक्त नाही रे राजा, चुन्यानं हळद रागावते." रात्रभर तो लाल पाय उशीवर ठेवून मी झोपलो. म्हणजे नवव्या वर्षी मी ते माझ्याच घोट्यावर पाहिलं होतं. त्यानंतर पाच वर्षांनी ते पुस्तकात वाचलं, आणि दोन्हींची भेट माझ्या डोक्यात कधी झालीच नाही. घोट्यावरचा लाल एका कप्प्यात, तक्त्यातला लाल दुसऱ्या.

आजी कुंकूही घरी करायची, आणि तिथे तर माझा पार गोंधळ आहे. त्यात चुना नसायचा. हळकुंडं, लिंबाचा रस आणि टाकणखार, म्हणजे बोरॅक्स. हळकुंडं त्यात मुरवायची, सावलीत वाळवायची, पुन्हा मुरवायची, मग कुटायची. वस्त्रगाळ केलेलं ते कुंकू दुकानातल्यासारखं भडक नसायचं, त्याला एक खोल, सुकलेला लाल रंग असायचा आणि हळदीचा मंद वास. आता लॉन्ड्रीवाल्याच्या हिशेबाने लिंबाने हळद पिवळी व्हायला हवी. इथे लिंबूही आहे आणि लालही. परवा रात्री झोप येईना म्हणून हे शोधत बसलो. टाकणखारात बोरॉन असतं. आम्लाच्या सोबतीत बोरॉन आणि हळदीतलं कर्क्युमिन एकमेकांना धरतात आणि एक वेगळंच लाल संयुग बनतं. प्रयोगशाळांत बोरॉन शोधायला हीच युक्ती वापरतात, हळदीचा कागद घेऊन. म्हणजे साबणाने येणारा लाल निराळा, लिंबाने परत जाणारा. आणि आजीच्या करंड्यातला लाल निराळा, लिंबानेच पक्का झालेला. आजी तिसरी शिकलेली होती. ती हे असं सांगू शकली नसती, हे खरं. पण चुना घालायचा की टाकणखार, हे तिने कधी चुकवलं नाही.

मला एलआयटीत, म्हणजे केमिकल इंजिनिअरिंगच्या लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूटमध्ये, जायचं होतं. अमरावती रोडवरून बस जायची तेव्हा मी मान वळवून ते आवार पाहायचो. रावबहादूर लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून १९४२ साली उभी राहिलेली ती संस्था आमच्या घरात देवळासारखी बोलली जायची. बारावीला गणिताने दगा दिला आणि मी बी. कॉम. करून विम्याच्या कचेरीत लागलो. त्याचं दुःख आता राहिलेलं नाही, पण रसायनशास्त्र 'माझं' होतं ही एक गुर्मी मात्र राहिली. कुणी पार्टीत काही चुकीचं बोललं की मी दुरुस्त करतो. कचेरीत एकाने अल्कलाइन पाण्याचं यंत्र विकायला आणलं, तेव्हा मी अर्धा तास भाषण दिलं. जठरात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं, पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, दीड-दोन, तिथे तुमचं हजारो रुपयांचं पाणी पडलं की त्याचं काय होणार. आणि रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ एवढ्या चिंचोळ्या पट्टीत शरीर स्वतःच सांभाळतं, फुप्फुसं आणि मूत्रपिंडं कशाला दिली आहेत. सगळं बरोबर होतं. यंत्र मात्र दोघांनी घेतलं. पीएच ही मोजपट्टी १९०९ साली सोरेन्सन या डॅनिश रसायनशास्त्रज्ञाने बिअरच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत बसून तयार केली, हेही मी त्या दिवशी सांगून टाकलं होतं. आणि स्वीडिश शास्त्रज्ञ अऱ्हेनियस यांची गोष्ट तर मी नापास झालेल्या प्रत्येक पुतण्याला ऐकवलेली आहे: पाण्यात विरघळलेल्या पदार्थांचे विद्युतभारित कण होतात ही कल्पना त्यांनी १८८४ साली प्रबंधात मांडली, परीक्षकांनी त्यांना जेमतेम श्रेणी दिली, आणि १९०३ साली त्याच कामाला नोबेल मिळालं. ही गोष्ट सांगताना मी नेहमी अऱ्हेनियसच्या बाजूला उभा असतो. परीक्षकांच्या टेबलामागे आपणही कधी बसू शकतो, हे मानेवाडा रोडपर्यंत सुचलं नव्हतं.

त्या रात्री जेवणं झाल्यावर मी कुर्ता बाथरूममध्ये नेला. छातीवरचा डाग अजून लाल होता. लिंबू लावलं, पिवळा झाला. साबणाची वडी फिरवली, पुन्हा लाल. पुन्हा लिंबू. मला फ्लास्क फिरवत असल्यासारखं वाटायला लागलं. मग नुसत्या पाण्यात तीन-चार वेळा खंगाळून पाहिला, तर लाल हळूहळू पिवळ्याकडे यायला लागला, लिंबाशिवायच. म्हणजे कपड्यात सोडा उरला होता म्हणून तो लाल राहिला! नीट खंगाळला असता तर मला पिवळे डाग मिळाले असते आणि मी काही बोललो नसतो. म्हणजे चूक त्याचीही होतीच. हे कळल्यावर मला जो आनंद झाला तो सांगायला लाज वाटते, पण झाला. मी ओल्या हातांनी बाहेर आलो आणि बायकोला सगळं समजावून सांगितलं.

ती कूलरच्या टाकीत बादलीने पाणी ओतत होती. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "हळदीच्या डागाला साबण लावला की लाल होतो, हे कोणाला माहीत नाही? ओट्यावरचं फडकं रोज लाल होतं. तुम्ही कधी फडकं धुतलं आहे का?"

कूलर सुरू झाला. वाळ्याचा पहिला ओला वास खोलीभर झाला आणि मी थोडा वेळ त्याच्यासमोर उभा राहिलो. बावन्न वर्षांत मी किती कपडे हाताने धुतले असतील ते मोजायचा प्रयत्न केला. हॉस्टेलला कधी राहिलो नाही. लग्नाआधी आई, मग ही, मग यंत्र, आणि पांढऱ्यासाठी लॉन्ड्री. कढई राखेने घासली नाही, पापडाचं पीठ कुटलं नाही, कुंकू कुटलं नाही. लाटी तेवढी खाल्ली. घोटा तेवढा पुढे केला.

दोन दिवस कुर्ता गच्चीवर होता. मेमधलं आमचं ऊन कोणालाच सोडत नाही, पंचेचाळीस अंशांत दोरीच्या चिमट्यांचाही रंग उडतो. कर्क्युमिन तर उजेडापुढे फारच हळवं. पहिल्या संध्याकाळी डाग लोण्याच्या रंगाचा झाला होता, दुसऱ्या दिवशी मी तो बोटाने चाचपून शोधला आणि सापडला नाही. त्या माणसाने सांगितलं होतं तेवढेच दिवस लागले. तरी मी आणखी आठ दिवस त्या रस्त्याने गेलो नाही. भाजी आणायला मुद्दाम दुसरीकडून वळसा घालायचो. चाळीस रुपये शर्टाच्या खिशात वेगळे काढून ठेवले होते, शर्ट बदलला की ते या खिशातून त्या खिशात जायचे. काय बोलायचं ते मनात घोळवून पाहिलं. शिकण्याबद्दल बोललो ते चुकलं, असं सरळ म्हणावं, की त्याला आजीच्या कुंकवाची, बोरॉनची गोष्ट सांगावी? मला भीती होती की मी बोरॉनचीच गोष्ट सांगेन.

शेवटी एका रविवारी इस्त्रीचे चार शर्ट घेऊन गेलो. तो इस्त्रीत फुंकर मारून निखारे फुलवत होता. मी आधी चाळीस रुपये टेबलावर ठेवले आणि म्हणालो, "त्या कुर्त्याचे राहिले होते." त्याने माझ्याकडे पाहिलं, ओळख पटायला क्षणभर लागला. "निघाला का डाग?" निघाला, मी म्हटलं, आणि विचारलं, हे लिंबाचं तुम्हाला कोणी शिकवलं. त्याला तो प्रश्नच विचित्र वाटला. "शिकवणार कोण जी? मे महिना आला का हळदीचेच कपडे येतेत. शेवटच्या पाण्यात जरासं निंबूसत टाकतो मी, मंग कापडही पिवळं नाही पडत." मी ते दुसरं वाक्य बोलायला तोंड उघडलं, चार बुकांचं. तेवढ्यात त्याने पैसे मोजले आणि त्यातली दहाची नोट माझ्याकडे सरकवली.

"तीसच घ्या लागते," तो म्हणाला. "त्या दिवशी नळ नव्हता आला. एक पाणी कमी काढलं होतं तुमच्या कुर्त्याचं."

मी नोट घेतली. तो चारही शर्ट मोजून बाजूला ठेवत होता.